हिरव्यातलं काढ गं

अप्पा, तुम्हाला बसवूनच नेलं. आपल्यात नेतात तसं मखरात मांडी घालून, कपाळभर विभूती, गळ्यात बेलाचा हार, डाव्या तळहातावर लिंग. स्वामींनी तुमची पाठ सरळ केली तेव्हा गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "गादीवर बसल्यागत दिसतेत बघा." खरंच दिसत होतात. नेकनूरच्या पेठेतल्या आपल्या कापडाच्या दुकानात तुम्ही असेच बसायचात, पाठ ताठ, मान वर, आणि समोर उभ्या माणसाला उगाच वाटायचं की आपलंच काहीतरी चुकलंय. मला त्या दिवशीही तेच वाटलं. म्हणून रडू आलं नाही. एकुलती एक लेक आणि डोळ्यांत टिपूस नाही, म्हणून बायका माझ्याकडे टकामका बघत होत्या. बघू देत.

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. तुम्ही जित्या माणसांबद्दल जन्मभर जे बोललात, त्याचा हिशेब कुणी करायचा? तुमच्यापुढे बोलायची सोय नव्हती. आता तुम्ही मधेच "गप बस" म्हणू शकत नाही, एवढा एक फायदा मला झालाय आणि तो मी सोडणार नाही.

मी शांत राहीनही म्हटलं होतं. पण माती देऊन माणसं परतली, अंगणात सतरंज्या टाकल्या आणि केशरबाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. तुमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. माझ्या पाठीवरून हात फिरवत चार बायकांना सांगायला लागल्या, "अप्पासारकी रंगाची पारख कुनाला न्हाई बाई. उभ्या जल्मात त्यांच्या दुकानात एकदाच चूक झाली, अन् ती बी ह्या पोरीच्या हातानं. ल्हान व्हती तवा."

मायेनं बोलल्या हो. त्यांचा काय दोष? पण तुमच्या समाधीची माती अजून ओली होती आणि तुमची चूक पुन्हा एकदा माझ्या नावावर चढली. चोर तो चोर वर शिरजोर, असं मी माझ्या बापाबद्दल मनात म्हटलं. मोठ्यानं म्हणायला हवं होतं.

आठवतंय का तुम्हाला? दिवाळीच्या आधी दुकानाला चुना दिला होता आणि रंगाऱ्यानं कप्पे रिकामे करून माल परत लावताना खालचा वर, वरचा खाली केला होता. आई तिच्या माहेरी गेलेली. केशरबाईंच्या लेकीचं डोहाळजेवण होतं आणि त्यांचा निरोप आला, हिरवी काठपदराची साडी बांधून पाठवा. तुम्ही उठलात, खिडकीजवळच्या कप्प्यातून एक साडी काढलीत, कागदात बांधलीत आणि मला म्हणालात, "पळत जा, दिऊन ये." मी तो कागद उघडूनही बघितला नाही. केशरबाईंच्या घरी ओटी भरायला जमलेल्या बायकांसमोर तो उघडला आणि आतून निघाली मातकट, तपकिरी साडी. डोहाळजेवणाला! पोटुशीच्या अंगावर टाकायला! एक म्हातारी तर अपशकुन झाला म्हणून देवघरासमोर जाऊन बसली.

केशरबाई संध्याकाळी दुकानात आल्या तेव्हा मी खांबाला टेकून उभी होते. तुम्ही क्षणाचाही विचार केला नाहीत. "पोरीनं उचलली अन् मी न बघता बांधली," म्हणालात आणि त्यांच्यादेखत माझ्या थोबाडीत दिलीत. वर पुन्हा, "आईवर गेलीय. तिच्या माहेरचे सगळे असलेच. ध्यान ठिकाणावर न्हाई एकाचं."

आई परत आल्यावर तिला हे कळलं. ती तुम्हाला काहीच बोलली नाही. मला न्हाणीपुढे बसवून केसांना तेल लावलं आणि म्हणाली, "तुजी चूक न्हाई गं माय." मग कुणाची, असं मी विचारलं तर म्हणाली, "जाऊ दे." आईचाही मला राग येतो, अप्पा. पण तिचा येतो आणि जातो.

आपल्या घरात सगळ्या गोष्टींची वाटणी तुम्ही आधीच करून ठेवली होती. माझा पहिला नंबर आला की, "आमच्या खानदानाचं डोकं हाय." गणितात चुकले की आईच्या माहेरचं. नाक सरळ, ते तुमचं. दात पुढे, ते तिचे. मी तडकून बोलले की म्हणायचात, "हिच्या आईकडचा राग." माझ्या आईला आवाज चढवताना अख्ख्या पेठेनं कधी ऐकलं नाही. हा राग कुणाचा ते आज हे ऐकणाऱ्याला सुद्धा कळेल. खाण तशी माती, ही म्हण तुमच्या तोंडात सुपारीसारखी असायची, पण खाण म्हणजे दरवेळी आई. आणि आल्यागेल्याला सांगायचात, "आमाला मुलगा न्हाई. वंश बुडाला म्हना की. लेक काय, परक्याचं धन. तिच्यात आपलं काय उतरतंय?" मी आतल्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी असायचे.

एक कबूल करते. कापड तुम्हाला कळायचं. डोळे मिटून बोटांत सूत चोळायचात आणि सांगायचात की हे धुतल्यावर आटेल, हे नाही आटणार. मला मांडीवर घेऊन माझी बोटं तुमच्या बोटांत धरून शिकवलंत. आजही मी कुठल्याही दुकानात आधी पदर चोळून बघते आणि मग डोळ्यांनी बघते. ते सुख तुमचं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त तुम्ही बोटांनी का बघता, हे मला फार उशिरा कळलं.

आई मागच्या बाजूला शिलाई मशीनवर बसायची, फॉल लावायला. गिऱ्हाईक आलं की तुम्ही मान न वळवता हाक मारायचात, "अगं, हिरव्यातलं काढ गं." ती उठायची, चार साड्या आणून तुमच्यापुढे टाकायची आणि परत मशीनवर जायची. मग तुम्ही त्या झटकून उघडायचात, पदर खांद्यावर टाकायचात आणि बोलायला लागायचात, की ऐकणारीला वाटावं, जगात हिरवा रंग या माणसानंच काढला. पेठेतले लोक कौतुक करायचे, बायकोला केवढा मान देतो, तिच्याशिवाय माल काढत नाही. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा!

आई गेली आणि वर्षाच्या आत तुम्ही दुकानातला सगळा रंगीत माल काढून टाकलात. धोतरं, टॉवेल, टोप्या, उपरणी, सगळं पांढरं. मी सासरहून, लिंबागणेशहून आले होते तेव्हा दारातच थबकले. दुकान हॉस्पिटलसारखं दिसत होतं. "रंगीत माल चालंना झालाय आता," म्हणालात. मला वाटलं, आईच्या दुःखानं केलंत. तेव्हा मला तुमची फार दया आली होती. ती आता परत घ्यायची की नाही, ते ठरत नाही.

आणि मग माझा ओंकार. तुमचा एकुलता एक नातू. उंच निघाला, छातीनं भरला, पहाटे उठून मांजरसुंब्याच्या घाटात पळायला जायचा, सैन्यात जायचं म्हणून. तोवर तो पूर्ण तुमचा होता. "माज्यावर गेलाय," तुम्ही पेठेत सांगत सुटला होतात. पळण्यात निवडला गेला, उड्यांत निवडला गेला आणि डोळ्यांच्या तपासणीत रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे वाचायचं पुस्तक समोर धरलं तेव्हा त्याला पहिल्या पानापुढचा एकही आकडा दिसला नाही. पोरगं घरी आलं, आमच्या खव्याच्या भट्टीमागे जाऊन बसलं आणि संध्याकाळपर्यंत उठलं नाही. जेवलं नाही. लहानपणापासून सांभाळलेलं एकच स्वप्न होतं त्याचं.

मी त्याला बीडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. तरुण बाई होत्या, नीट समजावून सांगणाऱ्या. म्हणाल्या, लाल-हिरव्यातला फरक याला जन्मापासून कळत नाही. बापाकडून मुलाकडे हे जातच नाही. आईकडून येतं. आईला स्वतःला सगळे रंग दिसतात, पण तिच्या बापाचं ते तिच्या अंगात लपून राहतं आणि तिच्या मुलात निघतं. मग माझ्याकडे बघून सहज म्हणाल्या, "तुमच्या वडिलांना आहे का असं काही?"

अप्पा, तिथल्या खुर्चीत बसल्या बसल्या मला सगळं दिसलं. खिडकीजवळचा हिरव्यांचा कप्पा दिसला, रंगाऱ्यानं बदललेला. मशीनवरून उठणारी आई दिसली. पांढरं दुकान दिसलं. गालावरची ती चपराक तर पुन्हा लागलीच.

ओंकारला गावी पाठवून मी तशीच नेकनूरच्या एसटीत बसले. तुम्ही गादीवर होतात.

"अप्पा, तुम्हाला हिरवं-लाल वेगळं दिसतं का?"

"कावून इचारतीस?"

"डॉक्टरबाई म्हणाल्या, ओंकारचं हे आईच्या बापाकडून आलंय."

"तिला काय ठावं? बीडात पाटी लावली म्हंजी झालं व्हय? आमच्या खानदानात आसलं काय बी न्हाई. कापड इकतोय आमी पिढ्यान्‌पिढ्या. तुज्या सासरकडं बघ. खवा भाजून भाजून धुरानं डोळे गेलेत सगळ्यांचे, तेच उतरलंय पोरात."

मी हात पुढे केला. "माझ्या बांगड्या कुठल्या रंगाच्या आहेत, सांगा."

तुम्ही माझ्या हाताकडे बघितलंसुद्धा नाहीत. "सवाशिणीच्या हातात हिरव्याच असत्यात."

त्या लाल होत्या, अप्पा. मी हसले. हसायला नको होतं, पण हसले आणि माझ्या हसण्यावरून तुम्हाला कळलं. तुमचा चेहरा कसा झाला ते मी बघितलं. मग माझ्या तोंडाला आवर राहिला नाही. म्हटलं, "वंश बुडाला म्हणत होतात ना? लेकीत काय उतरतंय म्हणत होतात? ही एक गोष्ट तुम्ही मुलाला देऊच शकला नसतात. ती लेकीतूनच जाते. बुडाला नाही तुमचा वंश, माझ्या पोराच्या डोळ्यांत बसलाय."

तुम्ही बराच वेळ धोतराची घडी सारखी करत राहिलात. मग खाली बघून म्हणालात, "वंकारला लावून दे माज्याकडं. त्याला काय सांगायचं ते मी सांगतो."

मला वाटलं, झालं. बापानं शेवटी ऐकलं. येताना एसटीत माझे डोळे भरून आले होते, इतकी मी मूर्ख.

तुम्ही त्याला काय सांगितलंत? सांगितलंत की हा डाग त्याच्या बापाच्या घराण्याचा आहे आणि हे तुम्हाला सोयरीक करतानाच कळायला हवं होतं. पोरगं घरी येऊन महादेवच्या, स्वतःच्या बापाच्या समोर उभं राहिलं आणि म्हणालं, "तुमच्यामुळं झालं." त्याच आठवड्यात कपडे घेऊन तुमच्याकडे राहायला गेलं. मी त्याला डॉक्टरचं सांगितलं, बांगड्यांचं सांगितलं, डोहाळजेवणाचं सांगितलं. तो म्हणाला, "आई, अप्पाचं आख्खं आयुष्य रंगात गेलं. त्यांना रंग कळंना म्हंतीस? काय बी बोलतीस." तुम्ही दुकानच असं चालवलं होतंत की खरं सांगणारी वेडी ठरावी. तुमच्या तोंडचं एकच वाक्य हवं होतं. तुमचं. दुसऱ्या कुणाचंच चाललं नसतं.

आणि ज्याला तुम्ही खवा भाजणारा म्हणायचात, त्याचं ऐका. मी महादेवला म्हटलं, चला, माझ्याबरोबर दुकानात या, चारचौघांत म्हाताऱ्यापुढे रंगीत कापड टाकू आणि विचारू. हा माणूस कढईतला झारा न थांबवता म्हणाला, "ऱ्हाऊ दे. म्हाताऱ्याचा सगळा जल्म त्या एका गोष्टीवर उभा हाय. माज्यावर येऊ दे की. मला कुठं कापडाचं दुकान चालवायचंय?"

"पोरगं बोलत नाही तुमच्याशी."

"बोलंल कवातरी."

ताट वाढलं की महादेव रोज ओंकारच्या जागेकडे बघायचे. तुमची झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली, पण तिची किंमत हा माणूस भरत होता. हे तुम्हाला माहीत होतं. मी स्वतः येऊन सांगितलं होतं आणि तुम्ही, "वंकारला माजा लळा हाय, त्याला मी काय करू," म्हणाला होतात.

दुकानात रंग कळत नाही म्हणून लोक हसले असते, गिऱ्हाईक तुटलं असतं, हे मला कळतं. तरुणपणी भ्याला असाल, त्याचंही मला वाईट वाटतं. पण शेवटी दुकानात नुसतं पांढरं कापड होतं हो! तेव्हा कुणाला भीत होतात?

ओंकारनं तुमचं सगळं केलं. अंघोळ, औषध, रात्रीबेरात्रीचं उठणं. तिसऱ्या दिवशी, पाहुणे पांगल्यावर, तो माझ्याजवळ येऊन बसला. बराच वेळ सतरंजीचे दोरे ओढत होता. मग म्हणाला, "आई, एक सांगू का?"

गोळ्यांचं सांगितलं त्यानं. सकाळची लाल, जेवणानंतरची हिरवी. तो पाकिटावरचं नाव वाचून द्यायचा, म्हणून कधी अडलं नाही. एका दुपारी तो बाहेर गेलेला असताना शेजारच्या बाईनं दोन्ही गोळ्या सोडवून वाटीत काढून ठेवल्या. तो आला तेव्हा तुम्ही दोन्ही तळहातावर घेऊन बसला होतात.

"हिरवी कुठली रं?" तुम्ही विचारलंत.

"मला कुठं कळतंय अप्पा? तुमीच बघा. तुमी रंगातले मानूस."

तुम्ही तळहाताकडे बघत राहिलात. तो म्हणाला, लई येळ बघत होते. मग ग्लानीत होतात की सवयीनं, देव जाणे, मान न वळवता म्हणालात, "तुज्या आजीला इचार. हिरव्यातली काढ म्हनावं."

आईला जाऊन किती वर्षं झाली होती, अप्पा.

आणि मग तुम्हाला स्वतःलाच कळलं. ओंकार म्हणाला, तुम्ही त्याच्याकडे एकदा बघितलंत, गोळ्या वाटीत टाकल्यात आणि भिंतीकडे तोंड करून झोपलात. एका खोलीत दोन माणसं, दोघांना एकच आंधळेपण आणि दोघांची तोंडं शिवलेली. हे मला ओंकार सांगत होता तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तुमच्यासाठी आलं. लगेच पुसलं.

मी त्याला विचारलं, "मग पप्पांना का नाही सांगितलंस?"

तो म्हणाला, "काय तोंडानं सांगू? आपलं आपल्यात ऱ्हाऊ दे. मी नीट वागीन त्यांच्याशी."

डोळ्यांचं मी समजू शकते, अप्पा, ते तुमच्या हातात नव्हतं, माझ्याही नव्हतं. तुमच्या आईनं तुम्हाला दिलं असेल, तिच्या बापाचं. पण हे दुसरं, चूक गिळून गप्प बसायचं आणि ती बापाच्या, लेकीच्या, कुणाच्याही माथी राहू द्यायची, हे कुठल्या रक्तातून जात नाही. हे शेजारी बसून शिकतात. त्या वाक्यात ओंकारचा आवाजसुद्धा तुमच्यासारखा लागला. तुमची शपथ, भीती वाटली. वाटलं, हे पण उतरलं.

दुखवटा काढायला लेकीला सासरची साडी नेसवतात. काल महादेव ती आणायला बीडला निघाले आणि गाडीवर मागे ओंकार बसला. स्वतःहून बसला. मी दारातून बघत होते. दोघांच्या मध्ये पिशवी ठेवली होती.

परत आल्यावर महादेवनं मला स्वयंपाकघरात येऊन सांगितलं. म्हणाले, दुकानदारानं पुढ्यात साड्यांचा ढीग टाकला. गर्दी होती, बायका बसल्या होत्या. त्यांनी म्हटलं, "बघ ओंकार, आईला कुठली बरी दिसंल." तर तो ढिगाकडे बघत राहिला आणि मग मोठ्यानं, सगळ्यांच्या देखत म्हणाला, "पप्पा, मला लाल-हिरवं कळत न्हाई. अप्पांलाबी कळत नव्हतं. तुमचं काय बी न्हाई त्यात. ह्यातली हिरवी कुठली ती तुमी काढा."

दुकानदार हातातली साडी तशीच धरून बघत राहिला, म्हणाले. एक बाई हसली. ओंकारनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

साडी हिरवी आहे, अप्पा. महादेवनं काढलीय आणि ओंकारनं पदर बोटांत चोळून पसंत केलीय. उद्या केशरबाई मला नेसवायला येणार आहेत. नेसवून झाली की मी त्यांना सांगणार आहे, त्या डोहाळजेवणाची साडी कुणी काढली होती ते.